मृत्युपत्र की ट्रस्ट? जळगावच्या वकील मॅडमकडे आमचं काम झालं त्याचा अनुभव

आधी पैशाचंच सांगते कारण ज्याला सांगितलं तो पहिला प्रश्न हाच विचारतो. वडिलांचं म्हणजे आप्पांचं एक आणि मायचं एक अशी दोन मृत्युपत्रं, वकिलांची फी दोन्ही मिळून १४ हजार, टायपिंग त्यातच. सरकारी खर्च म्हणाल तर मृत्युपत्राला स्टॅम्प ड्युटी लागत नाही, नोंदणी फी १०० रुपये आणि वर पानामागे थोडं शुल्क, संपलं. याच कामाला एका ऑनलाइन कंपनीने आम्हाला फॅमिली ट्रस्टचं (म्हणजे मालमत्ता ट्रस्टींकडे सोपवायची आणि त्यांनी ती घरच्यांसाठी सांभाळायची) पॅकेज ८५ हजाराला सांगितलं होतं आणि स्टॅम्प ड्युटी वेगळी, ती किती लागेल हे तर फोनवर कोणी सांगितलंच नाही.

मॅडमचं नाव टाकत नाहीये. वकिलांना जाहिरात करायला बंदी असते आणि त्यांनीच सांगितलं की ताई नाव नका टाकू. जळगावला बसतात एवढं सांगते.

आता घरचं सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आम्ही मूळचे चोपडा तालुक्यातले. आप्पा ७८ चे, माय ७१ ची. दादा गावीच असतो, केळी करतो, मी धुळ्याला दिलेली. आणि आमचा लहाना, ३६ वर्षांचा आहे पण बुद्धीने सहा-सात वर्षांचा. गायीला चारा टाकतो, अंगण झाडतो, एसटीच्या आवाजावरून कोणती गाडी आली ते सांगतो, पण पैसे कळत नाहीत. ५०० ची नोट हातात दिली तर दुकानात देऊन येतो आणि दुकानदार जे देईल ते घेऊन हसत घरी. आप्पा कितीतरी वर्षांपासून एकच वाक्य बोलतात, रात्री जेवण झाल्यावर ओट्यावर बसून, "मी गयावर याले कोन देखी?" दादा म्हणतो मी आहे ना, मी म्हणते मी आहे ना, आणि आप्पा गप्प बसतात. आमच्या शब्दावर त्यांचा विश्वास नाही असं नाही, पण त्यांनी सख्ख्या भावाच्या घरात बघितलंय. आमचे काका काही न लिहिता गेले, वारस नोंदीवर एकाने हरकत घेतली, तहसीलदार, मग प्रांत, मग कोर्ट, आणि आज त्या घरातली चुलत भावंडं लग्नात एकमेकांच्या पंगतीला बसत नाहीत.

ट्रस्टचं डोक्यात कुठून आलं तर माझ्या नणंदेचा मुलगा न्यू जर्सीला असतो, त्याने सांगितलं मामी लिव्हिंग ट्रस्ट (जिवंतपणीच चालू होणारा ट्रस्ट) करा, विल केलं तर प्रोबेटमध्ये (मृत्युपत्र खरं असल्याची कोर्टाकडून मंजुरी घेणं) अडकाल, इकडे सगळे ट्रस्टच करतात. मग मी व्हिडिओ बघितले, त्यातही तेच. आप्पांना मात्र ट्रस्ट म्हटल्यावर वाटलं मंदिराचा किंवा शाळेचा असतो तसा, धर्मादाय आयुक्तांकडे जायचं, ऑडिट, अध्यक्ष-सेक्रेटरी. म्हणाले घरच्या पोरासाठी संस्था कशाला काढायची. मलाही तेव्हा फरक नीट माहिती नव्हता.

मॅडमकडे गेलो तर त्यांनी पहिलं काम काय केलं, दादाला आणि मला बाहेर बसवलं. "तुम्ही दोघं खाली चहा घेऊन या, मला आप्पांशी बोलायचंय." दादाला ते आवडलं नाही, जिन्यावरच पुटपुटला की आम्ही काय चोर आहोत का. पाऊण तास आप्पा एकटे आत. नंतर मॅडमने आम्हाला समजावलं की मृत्युपत्रावर भांडण होतं तेव्हा कोर्टात पहिला आरोप हाच असतो की म्हाताऱ्याला पोरांनी धरून आणलं आणि सही घेतली, म्हणून मी मुलांसमोर हे बोलणं करतच नाही. मला विचाराल तर १४ हजारातले निम्मे त्या पाऊण तासाचेच. आप्पा घरी आल्यावर म्हणाले की त्या बाईने मला विचारलं, आप्पा तुम्ही नसाल तेव्हा सकाळी उठून त्याला आंघोळ कोण घालेल, नाव सांगा. आप्पांना नाव सांगता आलं नाही म्हणे, बराच वेळ. पैशाचा हिशोब आम्ही सगळे करत होतो, आंघोळीचा प्रश्न कोणी काढलाच नव्हता.

दुसऱ्या वेळी कागद. आप्पांची पत्र्याची पेटी, त्यात बियाण्याच्या पिशवीत घडी घालून ठेवलेले सातबारे, फेरफार, खरेदीखतं. मॅडमने प्रत्येक गटाचा जुना फेरफार मागितला, नुसता आजचा सातबारा चालणार नाही म्हणाल्या. कारण असं की आमच्या ७ एकरातले ४ एकर आजोबांनी हयातीत वाटणी केली त्यात आप्पांना आलेले, ते वडिलोपार्जित, त्यात आम्हा मुलांचा जन्माने हक्क, माझासुद्धा, २००५ च्या दुरुस्तीपासून मुलगीही मुलाच्या बरोबरीने आणि २०२० ला सुप्रीम कोर्टाने तेही स्पष्ट केलं की त्यासाठी २००५ ला वडील हयात असायलाच पाहिजेत असं नाही. म्हणजे त्या ४ एकरावर आप्पा फक्त स्वतःच्या हिश्शापुरतं लिहू शकतात. उरलेले ३ एकर त्यांनी १९८७ ला खरेदी केलेले, आणि चोपड्यातले दोन गाळे, ते पूर्ण त्यांचे, ते कोणालाही देऊ शकतात. गावात कितीतरी जणांनी सगळी जमीन सरसकट एका मुलाच्या नावे लिहून ठेवलीय आणि निर्धास्त आहेत, त्यांनी हे जरूर तपासून घ्यावं.

मग मी ट्रस्टचं काढलं, भाच्याने सांगितलेलं सगळं. मॅडमने हसण्यावारी नेलं नाही, नीट ऐकून घेतलं आणि एकेक मुद्दा घेतला. अमेरिकेत लोक ट्रस्ट करतात त्याचं मोठं कारण तिथली प्रोबेटची कोर्टाची प्रक्रिया, वेळ आणि खर्च दोन्ही खाते, आणि ज्यांची मालमत्ता फार मोठी त्यांना वर इस्टेट टॅक्स, म्हणजे माणूस गेल्यावर त्याच्या मालमत्तेवर लागणारा कर. आपल्याकडे इस्टेट ड्युटीचा कायदा १९५३ चा होता तो १९८५ लाच बंद झाला. आणि प्रोबेट म्हणाल तर हिंदू माणसाने जळगाव जिल्ह्यात केलेलं, इथल्याच मिळकतीचं मृत्युपत्र असेल तर प्रोबेटची सक्ती नाही. एखादी बँक अडून बसते तो भाग वेगळा. म्हणजे तिकडची जी दोन मोठी कारणं आहेत ती आमच्या घराला लागूच होत नाहीत, आणि त्या कंपनीचा माणूस फोनवर हीच दोन कारणं सांगून मला घाबरवत होता. याचा मला खरंच राग आला.

आणि शेतजमीन जिवंतपणी ट्रस्टला द्यायची म्हणजे किती भानगडी ते तर त्याने एका शब्दाने सांगितलं नाही. आपल्याकडे कूळकायद्याने बिगरशेतकऱ्याला शेतजमीन देता येत नाही, त्यामुळे ट्रस्टच्या नावे फेरफार करायला गेलं की तिथेच प्रश्न सुरू. आणि आज सातबारा आप्पांच्या नावे आहे म्हणून सोसायटीचं पीककर्ज मिळतं, पीकविमा निघतो, पीएम किसानचे पैसे येतात, ते सगळं माणसाच्या नावावर चालतं. गाळे ट्रस्टला द्यायचे तर आजच रेडी रेकनरच्या (सरकारने ठरवलेल्या) भावाने खरेदीखतासारखी स्टॅम्प ड्युटी, आमच्या दोन गाळ्यांवरच ती लाखाच्या वर जात होती. शिवाय ट्रस्टचं वेगळं पॅन, वेगळं खातं, दरवर्षी रिटर्न, सीएची फी. आणि लाभार्थ्याला किती द्यायचं हे ट्रस्टींच्या मर्जीवर ठेवलं तर उत्पन्नावर सगळ्यात वरच्या दराने टॅक्स लागू शकतो.

पण मॅडम ट्रस्टच्या विरोधात आहेत असं अजिबात नाही, हे लिहिणं गरजेचं आहे. त्यांनी स्वतःच सांगितलं की एका बाबतीत मृत्युपत्र काहीच कामाचं नाही. ते माणूस गेल्यावरच चालू होतं. उद्या आप्पांची स्मृती गेली, अंथरुणाला खिळले, तर मृत्युपत्र पेटीत पडून राहील, आणि कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अटर्नी) केलेलं असलं तरी माणूस भानावर राहिला नाही की कायद्याने ते संपतं. ट्रस्ट मात्र आजपासून चालू होतो आणि आप्पांना काही झालं तरी ट्रस्टी काम पुढे नेतात. ज्याचा व्यवसाय मोठा, भाड्याचं उत्पन्न मोठं, त्याने जिवंतपणी ट्रस्ट करावा, खर्च वसूल होतो. आमचं तसं नाही.

मग त्यांनी जे सुचवलं ते मला कुठल्याच व्हिडिओत दिसलं नव्हतं. मृत्युपत्र की ट्रस्ट असं निवडायचंच कशाला, मृत्युपत्राच्या आतच ट्रस्ट लिहायचा. १८८२ च्या ट्रस्ट कायद्यात मृत्युपत्रातून ट्रस्ट करायची सोय आहे, त्याला वेगळी नोंदणी लागत नाही, आज स्टॅम्प ड्युटी नाही, आज काहीच आप्पांच्या हातून जात नाही, आणि मन बदललं तर आप्पा कधीही बदलू शकतात, शेवटचं मृत्युपत्र तेच खरं धरतात. आप्पांच्या पश्चात दोन गाळे आणि एफडी या ट्रस्टमध्ये जातील, भाडं येईल ते फक्त लहान्याच्या जेवण, औषध, कपडे, सांभाळणाऱ्याचा पगार यावर खर्च करायचं. ट्रस्टी आम्ही तिघं, दादा, मी आणि मामेभाऊ जो बँकेत होता. दोन सह्यांशिवाय पैसे निघणार नाहीत. आमच्यापैकी कोणी गेला किंवा जमत नसेल तर त्याच्या जागी कोण तेही लिहिलंय. लहान्याच्या पश्चात जे उरेल ते नातवंडांना समान. ३ एकर दादाला कारण तो करतो, आणि घरात मायला आणि लहान्याला हयातभर राहण्याचा हक्क.

मला काय, असं बायका हमखास विचारतात. ४ एकरातला माझा जन्माचा हिस्सा तसाच आहे, हक्कसोड मी केलेली नाही आणि आप्पांनी मागितलीही नाही. आप्पांच्या हिश्शातलं मला काही नको असं मी सांगितलं होतं, तर मॅडम म्हणाल्या की काही देत नसाल तरी मुलीचं नाव मृत्युपत्रात आलंच पाहिजे आणि का देत नाही तेही लिहा, नाहीतर उद्या कोणी म्हणेल की आप्पांना मुलीची आठवणच राहिली नव्हती, म्हणजे डोकं ठिकाणावर नव्हतं. तेवढं एक वाक्य आप्पांनी स्वतः सांगून लिहून घेतलं. ते वाक्य मी इथे लिहिणार नाही, पण मी ते पाठ केलंय.

मायचं मृत्युपत्र तर ठरलेलंच नव्हतं. आप्पा यादी सांगताना म्हणाले की सोन्याची पोत, पाटल्या, वाक्या हे अमक्याला. मॅडमने पेन खाली ठेवला. म्हणाल्या आप्पा, हे तुमचं नाही, हे मायचं स्त्रीधन आहे, हे तुम्हाला लिहिताच येत नाही. मग मायकडे वळून विचारलं, माय, हे तुमचंय, तुम्हाला कोणाला द्यायचंय? माय कोपऱ्यातल्या खुर्चीवर पदर सावरून बसली होती, तिला वाटलं चुकून विचारलं. "हाई मनं शे?" (हे माझं आहे?) असं तिने विचारलं, आधी मॅडमला नाही, आप्पांना. ५० वर्षं अंगावर घातलेलं सोनं. आप्पांनी मान हलवली. मग तिने पाटल्या दादाच्या मुलीला सांगितल्या, पोत वहिनीला, का तर ती रोज लहान्याचं करते, आणि वाक्या मला. दोन पानांचं मृत्युपत्र, तिने स्वतः सही केली, एकेक अक्षर काढत. त्या दिवशी एसटीत बसल्यावर ती खिडकीबाहेर बघत होती आणि एरंडोल येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. (त्या दिवशी आम्ही सगळे माझ्याकडे धुळ्याला मुक्कामी चाललो होतो.)

आता ज्या गोष्टी आवडल्या नाहीत. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आप्पांना दोनदा मध्ये थांबावं लागलं, ज्येष्ठांचं काम करता तर खाली कुठेतरी बसायची सोय पाहिजे. फोन उचलत नाहीत, कोर्टात असतात हे मान्य पण संध्याकाळीही दोन-दोन दिवस उत्तर नाही. सगळं मिळून चार चकरा आणि जवळपास दोन महिने गेले. पहिला मसुदा वाचवत नव्हता, सदरहू, मजकूर, लिहून देणार, उपरिनिर्दिष्ट, आप्पा सातवी शिकलेले, त्यांना त्यांच्याच कागदाचा अर्थ लागेना. मी सांगितल्यावर सोपा करून दिला, आणि सहीआधी मॅडमने अख्खा मसुदा मोठ्याने वाचून अहिराणीत समजावला, ते मात्र मनापासून केलं. आणि एक चूक, गट नंबरात १४१ चं ११४ झालेलं. आप्पा प्रत्येक ओळीवर बोट ठेवून वाचत होते म्हणून सापडली. मॅडमने लगेच माफी मागितली, टायपिस्टवर ढकललं नाही, पण अशी चूक राहिली असती तर तलाठ्याकडे नोंदीच्या वेळी केवढा घोळ झाला असता. कोणाकडूनही काम करा, गट नंबर आणि क्षेत्र स्वतः सातबाऱ्याशी ताडून बघा.

साक्षीदार दोन लागतात, आम्ही आप्पांचे नेहमीचे डॉक्टर आणि दादाच्या मित्राला घेतलं. ज्याला मृत्युपत्रात काही मिळतंय त्याला साक्षीदार करू नका, आणि साक्षीदार मृत्युपत्र करणाऱ्यापेक्षा तरुण घ्या, कारण पुढे वाद झाला तर किमान एका साक्षीदाराला कोर्टात येऊन सांगावं लागतं की माझ्यासमोर सही झाली. रजिस्टर केलं म्हणजे पक्कं झालं असं आम्हाला वाटत होतं, तसं नाही, रजिस्टर करणं ऐच्छिक आहे, साध्या कागदावरचंही चालतं आणि रजिस्टर असलं तरी साक्षीदार लागतोच. पण खोटं आहे म्हणायला समोरच्याला जड जातं म्हणून केलेलं बरं. डॉक्टरांनी त्याच तारखेचा दाखला दिला की तब्येत आणि मन ठीक आहे. निबंधक कार्यालयात आप्पांचा अंगठा मशीन घेत नव्हतं, आयुष्यभर शेतात राबलेल्या माणसाच्या बोटावर रेषा कुठून राहणार, चौथ्या वेळी ओल्या फडक्याने पुसून घेतला तेव्हा उमटला. तिथला क्लार्क चिडला नाही, आबा सावकाश म्हणाला, त्यालाही धन्यवाद.

अजून दोन गोष्टी मॅडमने न विचारता सांगितल्या आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. एक, एफडीवर माझं नॉमिनी म्हणून नाव आहे म्हणजे पैसे माझे असं नाही, नॉमिनी पैसे घ्यायचा धनी, मालक वारसच किंवा मृत्युपत्रात असेल तो. दुसरी, बक्षीसपत्र. आमच्या गल्लीत सध्या सगळे तेच करतायत, मुलाच्या नावे घर किंवा शेत २०० रुपयांच्या स्टॅम्पवर होतं म्हणून. पण ते आजच हातून जातं, मृत्युपत्रासारखं मनात आलं की बदलता येत नाही. करायचंच असेल तर मुलगा आम्हाला सांभाळील ही अट त्यातच लिहून घ्या, म्हणजे नाही सांभाळलं तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांताकडे रद्द करून मागता येतं. आमच्या शेजारच्या आजींनी अट लिहिली नव्हती, त्यांचे हाल आम्ही रोज बघतो.

आणि लहान्याचं एक काम राहिलंय. मुलगा १८ चा झाला की आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, मुलाला काही कळत नसलं तरी. हे आम्हाला १८ वर्षं उशिरा कळलं. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली कलेक्टरांच्या अध्यक्षतेखाली जिल्ह्याची समिती असते, तिथे पालकत्वाचा अर्ज करायचा. अर्ज भरलाय, लहान्याचं अपंगत्वाचं कार्ड जोडलंय, पालक म्हणून आप्पांनी दादाचं नाव टाकलं आणि पर्यायी म्हणून माझं. फोटोसाठी लहान्याला नवीन शर्ट घेतला तर तो आता तोच शर्ट रोज मागतो, वहिनी रात्री धुऊन सकाळी त्याला घालते.